साइड बीच्या शेवटी चाळीस सेकंद

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला पाहिजे होतं त्या सोमाला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला बसलो आहे — ओळखीचा माणूस समोर आला की माझी जीभ जड होते. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या. असलं बोलायची मला सवय नाही.

मी नागभीडचा. तिथल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. बाटल्या धुणं, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवणं, कपाटाला कुलूप लावणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर हाच माझा स्वभाव. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीवर अक्षर सुवाच्य पाहिजे. बायको म्हणते, आपल्या पोरीच्या कपाळावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिली तुमची.

घरी माझ्याकडे दीडशेच्या वर कॅसेटी आहेत. सिनेमाच्या नाहीत, भजनांच्याही नाहीत. गिटारवर गाणाऱ्या अशा पोरांच्या, ज्यांचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही आणि आता ऐकणारही नाही. नव्वदीच्या दशकात — बंगलोरच्या एखाद्या होस्टेलात, शिलाँगच्या पत्र्याच्या खोलीत, पुण्यात कोणाच्या तरी गच्चीवर — तीन-चार पोरं जमायची, स्वतःची गाणी स्वतः रचायची, साध्या टेपवर भरायची आणि थोड्याशा प्रती काढून ओळखीपाळखीत वाटायची. त्यांच्यामागे कोणती कंपनी नव्हती, पोस्टर नव्हतं. नागपूरला शिकताना माझ्या खोलीतल्या एका मित्रानं मला ही चटक लावली. नागभीडला परतल्यावर मी टपालानं तो नाद चालू ठेवला. आठ-दहा शहरांत आठ-दहा वेडे होते, एकमेकांना कधी न पाहिलेले. तू एक पाठव, मी एक पाठवतो, असा व्यवहार. आमचा पोस्टमन पुडकं हातात देताना विचारायचा, "मास्तर, दर महिन्याले येते, यात औषध असते काय?" मी शिक्षक नाही, तरी गावात सगळे मास्तर म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी घराला चुना मारायचा होता, तेव्हा बायकोनं कॅसेटींचे खोके अंगणात काढून ठेवले आणि म्हणाली, आता यांचं काय ते एकदाचं ठरवा. माझा दोन कॅसेटींचा जुना डेक बंदच पडला होता. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून बसला होता. ब्रह्मपुरीला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून नवीन पट्टा घालून आणला आणि ठरवलं, शाळेतून आलो की रोज एक कॅसेट ऐकायची. ठेवण्यासारखी असेल तर ठेवायची, नाहीतर जाऊ द्यायची.

ऐकून पाहिलं तर काय? ज्यांच्यासाठी मी जीव टाकायचो त्यातली बरीचशी गाणी साधारणच निघाली. 'मंडे पॉवरकट' नावाचा एक बँड होता, त्यांच्यासाठी मी त्या काळी लोकांशी पत्रातून भांडलो होतो. आता ऐकलं तर त्यांचा ढोलवाला दर कडव्याला मागे पडतो. पण एक गाणं मात्र अजून चांगलं वाटलं — मध्येच कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी होते आणि गाणाऱ्याला हसू येतं. ते हसू तसंच ठेवलंय त्यांनी. ते मी तीनदा ऐकलं.

बघा — मी पुन्हा कॅसेटींवरच बोलत बसलो. इतकी वर्षं हेच करत आलो आहे. सोमाचा विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी बोलतो.

तर सोमा.

नागभीडपासून सायकलनं पाऊण तासावर मामा तलावाच्या पाळीला लागून त्याचं गाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. जुन्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव आमच्याकडे गावोगाव आहेत. सोमाच्या घरी तलावातली मासेमारी आणि पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवण्याची मजुरी. दर रविवारी तो आमच्या गल्लीत मासे घेऊन यायचा. एका रविवारी माझा डेक चालू होता आणि तो खिडकीखाली सायकल धरून उभाच राहिला. मासे घ्यायला बाहेर आलेल्या माझ्या आईकडे त्याचं लक्षच नव्हतं. मला म्हणाला, "भाऊ, हे वाजवून राह्यला तो कोन? माह्याकडेबी आहे एक गिटार."

मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. पुढच्या रविवारी तो खरंच गिटार घेऊन आला. झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीत त्यानं दोन हंगाम पडदा ओढायचं काम केलं होतं. तिथल्या वादकानं पोटाला चीर गेलेली आपली गिटार टाकून दिली, ती यानं उचलून आणली. तारा तुटलेल्या होत्या. आमच्याकडे गिटारच्या तारा मिळणार कुठे? यानं तंगूस लावली — मासे धरायची नायलॉनची दोरी असते ना, ती. मोठ्या गळाची जाड तंगूस वरच्या तीन तारांना, बारीक तंगूस खालच्या तिघींना. आवाज दबका आणि मऊ यायचा. पाण्याखालून आल्यासारखा. त्यावर तो स्वतःची गाणी म्हणायचा, आपल्याच बोलीत. तलाव आटतो त्याचं एक, नाटकातल्या पडद्यामागे उभं राहण्याचं एक. बहिणीचं लग्न झाल्यावर घरात उरलेल्या तिच्या चपलांचं एक होतं.

मला ती गाणी आवडली होती. हे नीट सांगतो, कारण आवडली नसती तर माझी चूक जरा लहान ठरली असती. मला ती फार आवडली होती, आणि पत्रमित्रांपैकी एकालाही मी त्याबद्दल कधी लिहिलं नाही. का? ते सगळे शहरातले, मोठमोठ्या बँडांच्या गप्पा मारणारे. त्यांना तंगूस लावलेली गिटार आणि 'मले-तुले' पाठवायची मला लाज वाटली. दुसरं काही नाही, लाज.

तरी एका उन्हाळ्यात मी ती सगळी गाणी भरून घेतली. दुपारी, आमच्या ओसरीवर, नवीन कोऱ्या कॅसेटवर. शेवटच्या दिवशी सोमाची माय त्याच्याबरोबर आली होती. बारीक, काटक बाई. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली माझ्या आईला दिली आणि उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. साइड बी संपत आली तेव्हा सोमा म्हणाला, "माय, तुयं रोवण्याचं गानं म्हन ना." ती आधी नाही-नाही म्हणाली. मग धान मोजायची पायली पालथी घालून तिच्यावर मी माइक ठेवला होता, त्याच्यासमोर येऊन बसली आणि मला विचारलं, "मास्तर, तोंड कुठी ठेवू?"

बांधीत आभाळ उतरलं गा बाई, मी त्यात रोवते धान. एवढीच ओळ घोळवून घोळवून म्हणायची, मध्ये दर वेळी नवं काहीतरी जोडायची. सोमा तंगुशीवर हळू साथ करत होता. आवाज चिरका होता तिचा, पण सूर सुटत नव्हता. गाणं संपल्यावर आम्ही सगळे हसलो. कशाला ते तेव्हाही कळलं नव्हतं.

आता एक लहानशी गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लास्टिकचे दोन इवले दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, रेकॉर्डिंगचं बटणच दबत नाही. जी कॅसेट जपायची तिचे दात मोडायचे, अशी आम्हा लोकांची रीत. मी सोमासमोर पेचकसानं दोन्ही दात मोडले. तो म्हणाला, "काऊन मोडून राह्यला, भाऊ?" मी त्याला समजावलं. ऐकून त्याचा चेहरा खुलला. "माय, तुया आवाज आता पक्का झाला. कोनी पुसू नाई शकत." ती म्हणाली, "मी का पाटीवरचं अक्षर आहो काय?"

कार्डावर मी सुंदर अक्षरात 'सोमा' लिहिलं आणि कॅसेट माझ्याकडेच ठेवली, कारण त्याच्या घरी तेव्हा टेप नव्हता. माझ्या खोक्यांवर शहरांच्या चिठ्ठ्या होत्या — पुणे, बंगलोर, शिलाँग, कलकत्ता. सोमाची कॅसेट मी 'इतर' लिहिलेल्या खोक्यात टाकली.

मोडलेल्या दाताच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दबतं. हे मी सोमाला सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अभय आला. पुण्याचा माझा पत्रमित्र, तोवर मी त्याला पाहिलेलं नव्हतं. गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात त्याची मुलाखत होती. नागपूरहून सरळ चंद्रपूरला जायचं सोडून तो मुद्दाम छोट्या गाडीनं नागभीडला उतरला. चंद्रपूरकडची गाडी यायला तासा-दीड तासाचा वेळ होता, तेवढ्यात माझ्या घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा माझा संग्रह कोणीतरी पाहणारा माणूस माझ्या घरी बसला होता. मी किती फुललो असेन, कल्पना करा. त्याच्या पिशवीत 'वेट मॅचबॉक्स'ची कॅसेट होती. ज्या बँडबद्दल आम्ही सगळे नुसते पत्रांतून ऐकत होतो, तोच. म्हणाला, गाडी यायच्या आत भरून घेता आली तर घे, ही मला परत न्यायची आहे.

घरात कोरी कॅसेट नव्हती. आमच्या गावात कॅसेटींचं एकच दुकान, आणि दुकानदाराच्या घरी लग्न, म्हणून ते बंद. मी खोक्यांवरून बोट फिरवायला लागलो. पुण्याची? नाही. बंगलोरची? कशी देणार? बोट 'इतर'वर येऊन थांबलं.

अभयनं ती कॅसेट हातात घेऊन पाहिली. "याचे दात मोडलेत. जपून ठेवलेली दिसते. काय आहे हे?"

"काही नाही रे," मी म्हणालो. "असंच, इथलं."

शाळेच्या चिठ्ठ्यांसाठी आणलेली चिकटपट्टी टेबलावरच होती. दोन तुकडे कापले, दोन खाचांवर लावले, अंगठ्याच्या नखानं घासून बसवले. हे घाईत झालं नाही, चुकून तर नाहीच. चिकटपट्टी चुकून लागत नसते. साइड बीवरचं शेवटचं गाणं चालू असतानाच अभय घड्याळ बघत उठला, मी डेक बंद केला आणि त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. परत येऊन कार्ड बदललं. सोमाचं जुनं कार्ड फेकलं नाही. मी काहीच फेकत नाही.

पुढच्या पावसाळ्यात सोमाची माय तापानं गेली. रोवण्यावरून अंग मोडून आली, आणि चार दिवसांत गेली. मी मातीला गेलो होतो. तेरावं झाल्यावर सोमा माझ्या घरी आला. डोक्याचे केस नुकतेच उगवत होते. पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, ते कॅसेट दे. बहिनीच्या घरून टेप आनला. मले मायचा आवाज आयकाचा आहे."

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं — सोमा, मी तिच्यावर दुसरं भरलं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित मारलंही असतं, आणि पुढं कधीतरी आम्ही पुन्हा बोललो असतो. मी काय म्हणालो? "शोधून ठेवतो. उद्या ये."

उद्यापर्यंत मी काय केलं ते ऐका. त्या वेळी मात्र माझ्याकडे कोरी कॅसेट होती. ती उघडून आतली फीत बोटानं ओढून बाहेर काढली, हातभर, मग ओंजळभर, मग सगळीच. मुठीत दाबून चुरगळली. थोडी डेकच्या चाकात अडकवून तिला खऱ्यासारख्या सुरकुत्या पाडल्या. कॅसेटचे दोन दात मोडले. वर सोमाचं ते जुनं कार्ड लावलं, 'सोमा' लिहिलेलं. एवढं नीटनेटकं काम मी प्रयोगशाळेतही कधी केलं नसेल.

आणि खरी कॅसेट? ती मी त्या दिवशी एकदा लावून शेवटपर्यंत पळवूनही पाहिली नाही. काही उरलंय का एवढं बघणंही माझ्यानं झालं नाही. त्या पट्ट्या पुन्हा डोळ्यांसमोर नको होत्या.

दुसऱ्या दिवशी सोमाला तो गुंता दाखवला. म्हणालो, मशीननं खाल्ली. मला वाटलं होतं, तो रडेल, जाईल, संपेल. तो रडला नाही. गुंता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आमच्या ओसरीवर बसला — वर्षापूर्वी माय बसली होती तिथंच. जाळं दुरुस्त करताना हे लोक धागा पायाच्या अंगठ्यात धरतात. त्यानं फितीचं टोक शोधून अंगठ्यात धरलं आणि दोन्ही हातांनी एक-एक वेढा सोडवायला लागला. मी म्हणालो, राहू दे सोमा, नाही निघणार. तो म्हणाला, "निघते भाऊ. ओढाचं नाई. ओढलं का गाठ बसते."

दीड दिवस लागला त्याला. माझी आई त्याला चहा देत होती, जेवायला वाढत होती. मी शाळेत गेलो, आलो, तो तिथंच. एकदाही फीत तुटू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पेन्सिलीनं सगळी फीत गुंडाळून त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली, तेव्हा तिच्यात एक पीळ राहिला नव्हता. मी कॅसेट डेकमध्ये घातली.

आतून काय येणार? सूंऽऽ. कोऱ्या फितीचा आवाज. सुरकुतीपाशी तो जरा कमी व्हायचा, मग पुन्हा वाढायचा. आम्ही दोघं समोर बसून अर्धा तास तेच ऐकत होतो. साइड पालटली. पुन्हा तेच. साइड बीच्या शेवटाकडे सोमानं बोट वर केलं आणि डोळे मिटले.

"आहे भाऊ," तो म्हणाला. "लहान झाली, पन आहे. आयकू आलं ना तुले?"

मी म्हणालो, "हो."

माझा गुन्हा कोणता, असं कोणी विचारलं तर मी चिकटपट्टी सांगणार नाही. ते 'हो' सांगेन.

सोमा कॅसेट घरी घेऊन गेला. मी म्हणालो होतो, तुझी गाणी पुन्हा भरू. तो म्हणाला, "मायबिगर कशाले?" गिटारची तंगूस त्यानं काढून गळाला लावली. तेव्हापासून दर पितृपक्षात, मायच्या तिथीला, तिचं पान वाढून झालं की तो पानाजवळ टेप ठेवतो आणि साइड बी शेवटपर्यंत लावतो. सगळे गप्प बसून ऐकतात. मला दर वर्षी बोलावणं असतं, कारण आवाज मी भरला होता. मायसारखंच मानाचं पान मला. एकही वर्ष मी चुकवलेलं नाही. तुम्हाला वाटेल, न जाण्याची हिंमत नव्हती. तसं नाही — मला तिथं जायला बरं वाटायचं. हे आता बोलताना लक्षात येतंय.

आता पुन्हा दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीकडे येतो. रोज एक करता करता सगळी खोकी ऐकून संपली आणि एकच कॅसेट राहिली, 'वेट मॅचबॉक्स'. पाठीवरच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, कडांना धूळ चिकटली होती. सोमा मागायला आला त्या दिवसापासून मी तिला हात लावला नव्हता, आणि त्याआधीही शेवटचं गाणं अर्धवट तुटतं म्हणून तिथवर जाऊ न देताच बंद करायचो. त्या दिवशी बायको बाजारात गेली होती. चुना अजून ओला होता, खोलीत त्याचा वास होता. लावली.

बँड साधारणच होता. तुम्हाला वाटेल, मी मुद्दाम म्हणतो, नाही. गिटार चांगली, गाणारा कोणाची तरी नक्कल करणारा, शब्द लक्षात न राहणारे. त्या पोरांवर माझा काही राग नाही. त्यांनी मला काही पुसायला सांगितलं नव्हतं. साइड बीवरचं शेवटचं गाणं तुटलं, खट् झालं, आणि मी बटणाकडे हात नेला तेवढ्यात —

मी त्यात रोवते धान.

तीच. तोच चिरका आवाज. मागं तंगुशीचे दोन-तीन ठोके. मग आम्हा सगळ्यांचं हसणं, त्यात माझ्या आईचंही, आणि आई जाऊनही आता चार वर्षं झालीत. मग थोडंसं बोलणं, आणि बंद. मी घड्याळ लावून मोजलं. चाळीस सेकंद. अभयच्या गाडीची वेळ झाली म्हणून तेवढी फीत पुसायची राहिली होती.

आनंद झाला, हे खोटं नाही. त्याच दमात दुसरं कळलं — हे चाळीस सेकंद सोमाला द्यायचे तर आधी त्याच्याजवळची ती कॅसेट कोरी आहे हे सांगावं लागेल. सोडवलेला गुंता खोटा होता हे सांगावं लागेल. आणि दर तिथीला तो डोळे मिटून काय ऐकत आला, ते?

पुढच्या पितृपक्षात मी ती कॅसेट पिशवीत घेऊन गेलो. सांगायचंच, असं ठरवून. पान वाढलं, टेप लावला, सूंऽऽ सुरू झालं. सोमाची मुलगी रेणू तेव्हा आठ वर्षांची होती. ती टेपला कान लावून बसली आणि म्हणाली, "बाबा, मले त नुसतं सूं-सूं येते. आजी कुठी आहे?"

सोमा हसला. "तुले सवय नाई, बेटा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, सांगा हिले. तुम्ही भरला आवाज." लोकांसमोर तो मला भाऊ न म्हणता मास्तर म्हणतो.

पोरगी माझ्याकडे पाहत होती. त्या घरात इतक्या वर्षांत खरं ऐकणारं ते पहिलं माणूस होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती, हात पिशवीवर होता. तुम्ही असता तर काय केलं असतं हे मी विचारत नाही. मी म्हणालो, "आहे, रेणू. नीट ऐक, येईल."

ती पुन्हा कान लावून बसली. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

यंदा पुन्हा गेलो होतो. पिशवी नेली नव्हती. टेप लागला, साइड बी संपत आली, आणि कोणी विचारायच्या आधीच रेणू माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मले आता येते आयकू." सोमानं तिला जवळ ओढलं. त्याचे डोळे भरले होते. मला त्यानं स्वतःच्या हातानं खीर वाढली, आणि मी ती खाल्ली.

कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर अजून 'वेट मॅचबॉक्स'चंच कार्ड आहे. दुसरं लिहायला बसलो होतो, काय लिहावं सुचलं नाही. चाळीस सेकंदांतलं शेवटचं बोलणं मला आता पाठ आहे. गाणं संपतं, हसणं ओसरतं, आणि सोमाची माय विचारते, "झालं काय, मास्तर? आता बोलू काय मी?"

त्यावर एक तरुण आवाज येतो. सुरुवातीला मला ओळखूच आला नव्हता.

"थांबा बाई," मी म्हणतो.